बुलेटच्या हँडलवरची स्लीव्ह तडकली. कोणती टाकावी, कशी चढवावी?

मोंढा_३५०, परभणी
गाडी बुलेट 350, जुनी, 6 व्होल्टची. डाव्या हँडलवरच्या डिपर-हॉर्न स्विचमधून हेडलाइटच्या कवचात चार वायरी जातात. त्यांच्यावरची काळी स्लीव्ह कडक झालीय, बोट लावलं की पापडासारखी मोडते. हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो. मेकॅनिक म्हणतो, वरून टेप मारू, झालं. स्विच न उघडता नवी स्लीव्ह चढेल का? माप कोणतं? आणि मोटर वाइंडिंगवाल्याकडची पिवळी स्लीव्ह चालेल का?

तारजोड
भाऊ, हॉर्न वाजतोय म्हणजे प्रकरण स्लीव्हपुरतं राहिलेलं नाही. जुन्या गाड्यांत हॉर्नचं बटण बहुधा अर्थ देतं, म्हणजे हॉर्नची वायर गाडीच्या फ्रेमला जोडतं. ती वायर सोलली जाऊन हँडलला टेकली तर नुसता हॉर्न वाजतो. शेजारच्या डिपरच्या वायरीत मात्र करंट असतो. ती टेकली तर फ्यूज जाईल, आणि फ्यूज नसेल तर वायरच जळेल. म्हणून आधी बॅटरी सोडवा. अर्थची वायर पहिली काढा, म्हणजे दुसरी काढताना पाना फ्रेमला लागला तरी ठिणगी पडत नाही.

मग वायरी बोटाने वाकवून बघा. प्लास्टिक तडकत असेल तर नवी स्लीव्ह घालून उपयोग नाही, वायरीच बदला, स्विचपासून हेडलाइटपर्यंत अखंड. मधे जोड नको. कथील लावलेली जागा ताठ होते आणि हँडल वळेल तसतशी तार त्या जोडाच्या कडेला तुटते. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात 1 चौ. मिमीची 32/0.2 वायर मागा, म्हणजे 0.2 मिमीच्या 32 तारा. घराच्या वायरिंगची 1 चौ. मिमी सहसा 14/0.3 असते. तांबं तेवढंच, पण तारा जाड आणि कमी, त्यामुळे वळणावर लवकर तुटतात. 6 व्होल्टवर 30 वॅटचा बल्ब 5 अँपिअर घेतो, 12 व्होल्टवर अडीचच. खराब जोडात अर्धा व्होल्ट गेला तरी तुमच्या गाडीचा उजेड पिवळा पडणार.

माप: चारही वायरी एकत्र धरून दोरा एक वेढा गुंडाळा, लांबी मोजून 3.14 ने भागा. दोरा 18 मिमी भरला तर जुडी पावणेसहा मिमी. स्लीव्ह आतून 7 मिमीची घ्या. अगदी घट्ट घेतली तर वायरी आत सरकत नाहीत आणि वळणावर ताण थेट तांब्यावर येतो. साधी काळी, मऊ पीव्हीसी घ्या. हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, अख्ख्या लांबीला नको, ती ताठ राहते.

वायरी चांगल्या असतील तर स्विच उघडायची गरज नाही. हेडलाइटच्या बाजूची टोकं सोडवा, पण त्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला खुणेची चिठ्ठी लावा. जुन्या गाडीत मधे कोणी तरी रंग बदललेले असतातच. लग, म्हणजे वायरीच्या टोकांना लावलेले धातूचे तुकडे, जाड असतील तर चारही एका रेषेत नकोत, दीड-दीड सेंटिमीटर मागेपुढे ठेवून टेपने बांधा. क्लच केबलची जुनी आतली तार स्लीव्हमधून ओवून तिला जुडी बांधा. स्लीव्ह दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवा, आतून पुसून कोरडी करा, वायरींना टाल्कम पावडर चोळा आणि ओढा. साबण लावू नका, आत ओल राहून तांबं हिरवं होतं. ग्रीसही नको. ओढताना स्लीव्ह ताणली जाते आणि नंतर आखडते, म्हणून 2 सेंटिमीटर जास्तच कापा.

गोदाकाठ
पिवळी स्लीव्ह, म्हणजे फायबरग्लासवर व्हार्निश, उष्णतेला उत्तम. मोटारीत म्हणूनच वापरतात. पण रोज वाकणाऱ्या जागी तिचं व्हार्निश तडकतं, धागे सुटतात आणि पावसाचं पाणी धरून ठेवतात. हेडलाइटच्या आत वापरा, हँडलवर नको.

टेपचा सल्ला तर अजिबात ऐकू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42च्या वर जातो, त्यात उन्हात उभ्या गाडीच्या टेपचा गोंद पातळ होऊन बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसते. शिवाय हँडल पुसायला रॉकेल किंवा पेट्रोल वापरत असाल तर बंद करा. पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य त्यात निघून जातं आणि नवी स्लीव्हसुद्धा कडक होते.

मोंढा_३५०, परभणी
वायरी तडकलेल्याच निघाल्या, चारही बदलतो. मग स्विच उघडावाच लागेल. कवचाच्या भोकातलं रबरही गळून गेलंय, त्याचं काय? आणि ढील किती ठेवायची?

तारजोड
रबर, म्हणजे ग्रोमेट, आधी बसवा. पत्र्याच्या धारेवर स्लीव्ह घासली की सगळं काम वाया. स्लीव्ह ग्रोमेटमधून आत 3 सेंटिमीटर गेली पाहिजे, बाहेरच संपवू नका. ढील मापाने ठरत नाही. क्लिपा सैल ठेवून हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवा. ताणाच्या टोकाला स्लीव्ह सैल राहिली पाहिजे आणि उलट्या टोकाला तिचा फुगा स्टेअरिंगच्या स्टॉपरमध्ये किंवा क्लच केबलखाली अडकता कामा नये. मगच क्लिपा आवळा, स्लीव्ह चेपणार नाही इतपतच. शेवटी बॅटरी जोडा, डिपर चालू ठेवून हँडल चार-पाच वेळा फिरवा आणि अॅमीटरकडे बघा. काटा वळणाबरोबर उडी मारत असेल तर कुठे तरी वायर अजून दबतेय.