लहान मुलांना हवामानाचे शब्द कसे शिकवावेत?

प्रश्न (बालवाडी शिक्षिका):
माझ्या वर्गातील चार-पाच वर्षांची मुले तक्त्यावरील चित्रे पाहून ‘पाऊस’, ‘ऊन’, ‘वारा’, ‘ढग’ हे शब्द बिनचूक सांगतात. परंतु बाहेर आभाळ दाटून आलेले असताना ‘आज हवा कशी आहे?’ असे विचारले, की बहुतेक जण गप्प राहतात किंवा नुसते ‘पाऊस’ म्हणतात. हे शब्द कोणत्या रीतीने शिकवावेत, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (प्राथमिक शिक्षक):
मुलांना नामे येतात, पण त्यांच्या जोडीची क्रियापदे येत नाहीत, हे याचे मुख्य कारण असावे. वारा सुटतो आणि पडतो, आभाळ भरून येते, पाऊस भुरभुरतो, कोसळतो, ओसरतो आणि मग उघडीप मिळते. हवेतला बदल आपण असाच बोलून दाखवतो. म्हणून सुटा शब्द न देता पूर्ण वाक्य मुलांच्या कानावर घालावे, आणि तेही ती गोष्ट डोळ्यांसमोर घडत असतानाच. पाऊस भुरभुरत असेल तेव्हा त्यांना तळहात बाहेर धरू द्यावा. थेंब जेमतेम जाणवतात आणि हात ओला व्हायला वेळ लागतो. मोठी सर आली, की क्षणात पाणी मनगटावरून ओघळू लागते. हा फरक एकदा हाताला कळला, की दोन्ही शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. वाऱ्यासाठी कागदाची एक पट्टी टांगली तरी पुरते: झुळुकीने ती हलते, सोसाट्याच्या वाऱ्याने आडवी होते.

उत्तर (एक पालक):
दव आणि धुके यांसाठी गार आरशावर तोंडाने हळूच फुंकर घालायला सांगावी. श्वासातील बाष्प काचेवर बारीक थेंबांच्या रूपाने जमते आणि आरसा धूसर होतो. गवतावर दव असेच जमते, तर धुके म्हणजे जमिनीलगत हवेत तरंगणारे अतिशय बारीक थेंब. ‘ढग म्हणजे वाफ’ असे मात्र कृपया सांगू नये. बाष्प डोळ्यांना दिसत नाही, ढगात दिसतात ते पाण्याचे थेंब किंवा बर्फाचे कण.

प्रश्नकर्त्या शिक्षिका:
दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. विजेला घाबरणाऱ्या मुलांना ते शब्द कसे द्यावेत?

उत्तर (प्राथमिक शिक्षक):
घरात किंवा वर्गातच, खिडकीपासून दूर बसवून. वीज लखलखली, की सगळ्यांनी मिळून अंक मोजायला लागावे आणि गडगडाट ऐकू येताच थांबावे. आवाजाला एक किलोमीटर अंतर कापायला सुमारे 3 सेकंद लागतात, त्यामुळे जितके जास्त अंक मोजून होतील तितकी वीज दूर, एवढे या वयातील मुलांना सहज उमगते.