डिझेलचा व्हीजीटी टर्बो पेट्रोल ऑक्टाव्हिया आरएसला: बसवावा की नाही?

चौथा_गिअर
माझी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटर पेट्रोल, वीस व्हॉल्व्ह, कंपनीचे १५० पीएस. मूळ के०३ टर्बोचा शाफ्ट आता बोटाने हलतो आणि रेस सोडली की मागून निळा धूर येतो. टर्बो बदलावा लागणारच, मग तोच परत का बसवू? तीन लिटर बीएमडब्ल्यू डिझेलवर येणारा गॅरेट जीटी२२६०व्ही हा व्हीजीटी (व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो) मला भंगारवाल्याकडे चांगल्या स्थितीत मिळालाय. बसवायचं जवळजवळ ठरलंय.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरणारं टर्बाइन आणि त्याच शाफ्टवर इंजिनात हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर. साधा टर्बो मोठा घेतला की खाली दम नाही, छोटा घेतला की वर घुसमटतो. व्हीजीटीत टर्बाइनच्या चाकाभोवती पात्यांचं कडं असतं. इंजिन हळू फिरत असताना पाती मिटतात, वायू अरुंद फटींतून जोरात चाकावर आदळतो. वेग वाढला की पाती उघडतात.

डिझेलचा टर्बो पेट्रोलला जमणार नाही म्हणणाऱ्यांसाठी हिशोब मांडतो. तीन लिटर इंजिन ४००० आरपीएमला मिनिटाला ६००० लिटर हवा ओढतं (बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेवर दिलेला जादा दाब, धरला नाही). माझं १.८ लिटर ६५०० ला ओढतं ५८५०. सारखंच म्हणा ना! आणि पेट्रोलवर हे नवंही नाही. १९८९ मध्ये शेल्बीने सीएसएक्सच्या ५०० गाड्या गॅरेटच्या व्हीएनटी (व्हीजीटीचंच गॅरेटचं नाव) टर्बोवर काढल्या होत्या. २००६ पासून पोर्शे ९११ टर्बो आहेच.

ओतारी_कोल्हापूर
तुमचा हिशोब कॉम्प्रेसरच्या बाजूचा झाला. टर्बाइनकडे बघा. डिझेलचा वायू ७५० अंशांच्या आसपास टर्बोत शिरतो असं धरा, पेट्रोलचा पूर्ण लोडवर ९५० ला. केल्विनमध्ये मोजलं तर त्याच हवेचं आकारमान जवळजवळ २० टक्के जास्त. म्हणजे सारखंच नाही.

मी फाउंड्रीत आहे, टर्बाइन हाउसिंग (टर्बाइनभोवतीचं कवच) आमच्याकडे ओततात. डिझेलची बहुधा सिलिकॉन-मॉलिब्डेनमच्या एसजी आयर्नची (एक प्रकारचं ओतीव लोखंड), तिची हद्द ८५० च्या आसपास संपते. पेट्रोलसाठी भरपूर निकेल असलेलं नि-रेझिस्ट किंवा स्टेनलेस लागतं. दोन्ही शेजारी ठेवली तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून तर लोक फसतात. हाउसिंगला तडा गेला तर निदान फुसफुस ऐकू येते. पात्यांचं तसं नाही. पातं आणि त्यामागची तबकडी यांच्यात फट केसाएवढी. तबकडी तापून जराशी वाकली की पाती जिथे असतील तिथे धरतात. पोर्शेचा टर्बो बोर्गवॉर्नरचा, त्यात हजार अंश सोसणारे मिश्रधातू आहेत. फोक्सवॅगनने युरोपात १.५ लिटर पेट्रोलला व्हीजीटी दिला तेव्हा मिलर सायकल वापरून (इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटवून) आधी वायूच थंड केला. तुमच्या हातातली वस्तू यातलं काहीच नाही.

रोजचा_कात्रज
एक साधा प्रश्न. आरएसचा मूळ २१० न्यूटन-मीटर टॉर्क १७५० आरपीएमपासूनच मिळतो. खाली दम नाही ही तक्रार या गाडीची नाहीच. मग कोणता आजार बरा करताय?

चौथा_गिअर
@रोजचा_कात्रज, खालचा दम आहे तेवढा राहू दे, पण साडेपाच हजारांनंतर के०३ हात टेकतो तिथे मला पुढे जायचंय. साधा मोठा टर्बो लावला तर वर मिळेल, पण खालचं सगळं जाईल. मला दोन्ही हवंय.

डायनोवाला
माझा पाठिंबा. ९५० अंश हे पूर्ण लोडचं तापमान आहे. आपल्या रस्त्यांवर सलग दहा सेकंद पूर्ण लोड कुठे मिळतो? मिश्रण थोडं रिच (पेट्रोल जास्त) ठेवा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये ईजीटीचा (एक्झॉस्ट वायूच्या तापमानाचा) सेन्सर लावा, ९०० ला बूस्ट कापा. शिवाय मॅनिफोल्डवर वेगळा वेस्टगेट बसवा, म्हणजे पाती अडकली तरी जास्तीच्या वायूला वाट आहे. डिझेलमध्ये पाती अडकतात ती मुख्यतः काजळीने, पेट्रोलमध्ये काजळी त्यामानाने कमी.

खंबाटकी_उतार
मी हे केलंय, म्हणून तळमळीने लिहितोय. गाडी हेच इंजिन, टर्बो १.९ टीडीआयवरचा जीटी१७४९व्ही. गॅरेजचं नाव घेत नाही. डिझेलमध्ये व्हॅक्यूम पंप असतो, अॅक्च्युएटर (पाती हलवणारा डबा) त्यावर चालतो आणि व्हॅक्यूम गेला की पाती उघडतात. पेट्रोलच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये बूस्ट आला की व्हॅक्यूम उरतच नाही. म्हणून गॅरेजवाल्याने सोपा उपाय काढला. बूस्टवर चालणारा डबा लावला. स्प्रिंग पाती मिटून धरते, बूस्ट ती ढकलून उघडतो.

आठ महिने सुंदर चालली. २३०० ला सीटमध्ये दाबायची. मग खंबाटकीत तिसऱ्या गिअरमध्ये डब्याची रबरी नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकून वितळली. डब्याला बूस्ट मिळेना, पाती मिटलेलीच. काटा १.८ बारला गेलेला मी पाहिला आणि बॉनेटखालून पत्र्यावर फुटाणे उडावेत तसा आवाज आला. पाय काढेपर्यंत खेळ संपला होता. इंजिन उघडलं तर दोन नंबरचा कॉनरॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) वाकलेला. या इंजिनाचे मूळ रॉड बारीक आहेत. कमी आरपीएमला एकदम आलेला टॉर्क त्यांना सोसत नाही, आणि व्हीजीटी नेमका तिथेच टॉर्क देतो. एका नळीमुळे मी हौसेने तयार केलेली गाडी गेली. त्या टर्बोला कुणी नावं ठेवली तर आजही मला वाईट वाटतं, कारण चूक जोडणीची होती.

ओतारी_कोल्हापूर
@डायनोवाला, काजळीचं मान्य. पण पाती मिटलेली असताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब बूस्टच्या दुप्पट होऊ शकतो. जळलेला वायू सिलिंडरमध्येच राहतो. डिझेलला त्याचं काही वाटत नाही, पेट्रोल नॉक करायला (आपोआप अवेळी पेटायला) लागतं. नॉक आला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, टायमिंग मागे गेलं की ईजीटी आणखी चढतं. वेस्टगेट दाब सोडेल, पण तबकडी तोवर तापलेली असेल. आणि डिझेलच्या बहुतेक टर्बोंना थंड करणाऱ्या पाण्याची वाट नसते. गाडी तापलेली असताना बंद केली की बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतो. के०३ ला पाण्याची नळी आहे ती शोभेला नाही.

कागदपत्रं_आधी
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ विसरू नका. कंपनीच्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं कारण मिळेल.

रोजचा_कात्रज
खंबाटकीवाल्यांचं वाचून पोटात गोळा आला. @चौथा_गिअर, रॉड बदलणार आहात का? ते बजेटमध्ये नसेल तर पुढची चर्चाच नको.

चौथा_गिअर
रॉड फोर्ज्ड (घडीव) टाकतोय, ते आधीच ठरलं होतं. @खंबाटकी_उतार, मनापासून आभार. बूस्टच्या डब्याचा विचार डोक्यातून काढला. इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप, एकतर्फी व्हॉल्व्ह आणि टाकी लावणार, म्हणजे नळी निसटली तर पाती उघडतील, गाडी मरगळेल पण वाचेल. वेस्टगेटही घेतो. पाण्याच्या वाटेचं उत्तर माझ्याकडे नाही.

@ओतारी_कोल्हापूर, दुप्पट दाबाचं मला तोंडी मान्य करायचं नाही, मोजायचंय. मॅनिफोल्डला भोक पाडून हातभर तांब्याची नळी काढतो, काट्यापर्यंत वायू थंड होईल एवढी लांब. आधी डगमगत्या के०३ वरच आकडे घेतो.

ओतारी_कोल्हापूर
नळीला दोन वेटोळी द्या, नाहीतर काटा जळेल. मॅनिफोल्ड कास्ट आयर्नचा आहे. टॅपिंग करताना घाई करू नका, आणि छिद्र चारही रनर (सिलिंडरांकडून येणाऱ्या नळ्या) एकत्र येतात तिथे पाडा. आकडे आले की बोलू. माझं मत अजून बदललेलं नाही.