अनुभव धागा: टॉर्चमधला १८६५० (पुन्हा भरता येणारा लिथियमचा) सेल कसा सांभाळता?

कंदील
कप्पा आवरताना जुना तीन सेलचा पितळी टॉर्च निघाला. आत सेल फुटून पांढरं-हिरवं मीठ साचलेलं. ते सेल मंद झाले की लोक उन्हात ठेवायचे आणि अजून दोन रात्री ओढायचे, आठवतंय ना? लिथियमच्या सेलला तेच ऊन मारतं. ४.२ व्होल्टपर्यंत भरलेला सेल एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला तर वापराने झिजणार नाही इतका नुसता पडून झिजतो. हेडलॅम्प दोन-तीन महिने लागणार नसेल तर ३.७-३.८ व्होल्टवर आणायचा, सेल बाहेर काढायचा, प्लास्टिकच्या डबीत घालून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवायचा. तीन महिन्यांनी मीटर लावून व्होल्ट बघायचे.
तुमच्या पद्धती येऊ द्या. "मी कायम फुल करून ठेवतो" वाल्यांनीही या, मारणार नाही.

खटका
सेल काढायचा कंटाळा असेल तर मागचं टोपण पाव-अर्धा फेरा सैल करा. बटण इलेक्ट्रॉनिक असलं की टॉर्च बंद असतानाही थोडा थोडा करंट पीत राहतो, टोपण सैल केलं की तो करंट तुटतो. सॅकमध्ये आपोआप पेटून कपडे तापवायचा प्रकारही बंद. अट एकच, आट्यांवर ॲनोडाइझचा (वीज न जाऊ देणारा) थर हवा. आटे नुसते चकचकीत ॲल्युमिनियमचे असतील तर सैल करून काही होत नाही, सेल काढाच.

फुलचार्ज
हजर 🙋 लाइट गेल्यावर ३.७ वाला टॉर्च घेऊन काय देवघरात बसू?

कंदील
@फुलचार्ज रोजच्या वापराचा भरा की. ४.१ ला काढला तरी पुरतो. मी पडून राहणाऱ्याचं म्हणतोय.

बांधावरून
रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला जाणाऱ्यांसाठी. दोन सेल एकामागे एक बसणारा टॉर्च असेल तर जोडी मोडायची नाही. सेलवर पेनाने अ-१, अ-२ आणि तारीख टाका, दोन्ही एकत्र भरा, एकत्र वापरा. वापरून बाहेर काढल्यावर एक ३.९ आणि दुसरा ३.४ दाखवत असेल तर ती जोडी या टॉर्चमधून बाद. कमजोर सेल आधी रिकामा होतो, तरी चांगला सेल त्याच्यातून करंट ढकलतच राहतो, कमजोर सेलचे प्लस-मायनस उलटतात, आणि मग आत गॅस धरतो. नवा-जुना मिसळला की हेच.

सुपारी
जुन्नरकडचे का? बिबट्या टॉर्चला बिचकतो का हो?

बांधावरून
@सुपारी टॉर्चवर भरवसा ठेवून एकट्याने जायचं नाही. दोघं जायचं, बोलत जायचं. टॉर्च पायाखालच्या जनावरासाठी.

मीटरमन
सेल घेताना: साध्या १८६५० वर ३६०० एमएएचच्या (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) वर आकडा छापलेला दिसला की ठेवा खाली. ९९०० छापलेले सर्रास मिळतात. वजन करा, चांगला ४५ ते ५० ग्रॅम भरतो, ३० च्या आसपास भरला तर आत हवाच.
वापरातल्याची परीक्षा: रात्री पूर्ण भरा, काढून ठेवा, सकाळी मोजा. ४.१५ ठीक. ४.० च्या खाली गेला तर आतून गळतोय.
२ व्होल्टच्या खाली गेलेला "जिवंत" करू नका. आतलं तांबं विरघळलेलं असतं, पुन्हा भरताना ते भलतीकडे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो.

शीतल_दुपारी
वरचा प्लास्टिकचा पापुद्रा फाटला तर सेलोटेप चालेल का? (भाजी गॅसवर आहे, पटकन सांगा)

मीटरमन
@शीतल_दुपारी नाही. सेलची अख्खी डबी निगेटिव्ह असते, फक्त वरची टिकली पॉझिटिव्ह. दोघांमध्ये एक कागदी चकती आणि तो पापुद्रा, बस. खांद्याजवळ फाटला की टॉर्चच्या धातूला लागून शॉर्ट. ७२ मिमी लांब, चपटी २९-३० मिमी रुंद पीव्हीसी नळी मिळते. आधी नवी चकती चिकटवा, नळी चढवा, दोन्ही टोकांना सारखी बाहेर ठेवा, हेअर ड्रायरने टोकांपासून आकसवा. एका जागी धरून बसू नका. डबीला खळगा पडला असेल तर मात्र पापुद्रा बदलून उपयोग नाही, सेलच टाका.

थेम्सकाठ
इकडे मोठ्या व्हेपमध्येही (ई-सिगारेटमध्ये) हाच सेल असतो. खिशात किल्ल्यांबरोबर सुटा सेल ठेवून मांडी भाजणारे त्यातलेच. पेनसारखी बारीक व्हेप वापरणाऱ्यांचा त्रास वेगळा: कार्ट्रिज (तेलाची नळी) पिळून बसवलं की मधली पिन खाली दबते आणि "चार्ज होत नाही" म्हणून रडारड. पेन बंद करून टूथपिकने पिन केसभर वर घ्यायची, आट्यांतलं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. आणि मोबाइलचा फास्ट चार्जर लावू नका.

खटका
@थेम्सकाठ शेवटचं अर्धंच खरं. चार्जर करंट ढकलत नाही, आतलं सर्किट ओढतं. टीपी४०५६ ही चार्जिंगची चिप १.२ के (किलोओहम) रेझिस्टरवर १ ॲम्पिअर ओढते. १८६५० ला ते ठीक, पेनमधल्या ३५० एमएएचच्या सेलला ते जड. तिथे ५ के लावा, २५० मिलीॲम्पिअर येतो.

सुपारी
गावी येताना पेन आणू नका हो, २०१९ च्या कायद्याने आयात, विक्री, साठवण सगळंच बंद आहे.

थेम्सकाठ
माहीत आहे, येताना फक्त टॉर्च. सुटे सेल हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

फुलचार्ज
माझा यूएसबी-सी पोर्टवाला टॉर्च लॅपटॉपच्या चार्जरवर अजिबात चार्ज होत नाही. सेल गेला?

खटका
@फुलचार्ज सेल नाही. स्वस्त टॉर्चमध्ये पोर्टला ५.१ के चे दोन रेझिस्टर लावलेलेच नसतात, मग सी-टू-सी केबलवर चार्जर वीज सोडतच नाही. जुना चौकोनी पोर्टवाला चार्जर आणि त्याची केबल वापरा.

मांडवी
आमच्याकडे खाऱ्या हवेत आधी स्प्रिंग मरते, सेल नव्हे. उजेड फडफडला की स्प्रिंग आणि आटे आयसोप्रोपिलने पुसायचे, काळं राहिलं तर पेन्सिलचा खोडरबर. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस मोहरीएवढं. व्हॅसलीनने काही रबर फुगतात, मग टोपण फिरत नाही.

शीतल_दुपारी
भाजी लागली 🙁 पापुद्र्याचं समजलं. जुना सेल कचऱ्यात?

मीटरमन
ओल्या-सुक्या कुठल्याच नाही. दोन्ही टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला की पेटतो.

मांडवी
@शीतल_दुपारी कुठली भाजी?

शीतल_दुपारी
दोडका. चटणी म्हणून वाढते आता.