मूत्राशयाचं जुनाट दुखणं: 'किती बायकांना होतं' याचा कुठला आकडा धरू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे कुणी संख्याशास्त्र किंवा साथरोगशास्त्रवाले आहेत का? आमच्या महिला मंडळाच्या अंकासाठी इंटरस्टिशियल सिस्टायटिसवर लेख लिहितेय. (मूत्राशय भरत आलं की दुखतं, लघवी केली की जरा बरं वाटतं, तपासणीत जंतुसंसर्ग मात्र सापडत नाही, तो आजार.) किती जणींना होतो, एवढं एकच वाक्य लिहायचंय आणि तिथेच गाडी अडलीय.

फिनलंडमधला १९७५ चा अभ्यास: लाख बायकांमागे साधारण १८. अमेरिकेतल्या परिचारिकांचा, १९९९ मध्ये आलेला: लाखामागे ५२ आणि ६७, दोन गटांचे दोन आकडे. आणि २०११ चा रँडचा (अमेरिकेतली संशोधन संस्था) अभ्यास म्हणतो, कडक व्याख्या लावली तर २.७ टक्के, सैल लावली तर ६.५ टक्के. म्हणजे लाखामागे २,७०० पासून पुढे!

जुन्या अभ्यासांत निदान झालेल्या बायका मोजल्या, रँडने घरोघरी फोन करून लक्षणं विचारली, इतपत कळलं. लक्षणं जुळलेल्यांपैकी जेमतेम १० टक्के जणींना या आजाराचं निदान मिळालं होतं, हेही त्यातच दिलंय. पण २,७०० चा दहावा भाग धरला तरी २७० होतात. ६७ च्या चौपट. परिचारिकांच्या बाबतीत वैद्यकीय कागदपत्रं बघून निदानाची खात्री केली होती, त्यामुळे का हा फरक?

खरी गोची पुढे आहे. रँडच्या कडक व्याख्येची सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांपैकी किती जणी व्याख्येत सापडतात) ४८ टक्के, स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांपैकी किती जणी व्याख्येबाहेर राहतात) ८३ टक्के. मग आजार नसलेल्या शंभरांतल्या १७ जणी चुकून त्यात यायला हव्यात ना? प्रत्यक्षात सगळ्या मिळून तीनसुद्धा नाहीत. मला वाटतं, ती ८३ टक्के स्पेसिफिसिटी एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), ओव्हरॅक्टिव्ह ब्लॅडर (वारंवार, घाईची लघवी) असे मिळतेजुळते त्रास असलेल्या बायकांशी ताडून काढलीय, धडधाकट बायकांशी नाही. म्हणजे ते दोन आकडे वापरून २.७ मध्ये दुरुस्ती करता येणार नाही. बरोबर आहे का हे? की मी भलतंच गणित मांडतेय?

'लक्षणं असलेल्या' आणि 'निदान झालेल्या' असे दोन्ही आकडे वेगवेगळे छापावेत असं माझं मत. संपादिकाबाईंना एकच हवाय. आणि अमेरिकेचे टक्के उचलून आपल्याकडच्या बायकांच्या संख्येने गुणायला माझा हात धजत नाही. भारतात सर्वसामान्य बायकांमध्ये असं सर्वेक्षण झालेलं कुणाच्या पाहण्यात असेल तर दुवा द्या प्लीज.

औषधं-काढे नकोत, फक्त आकड्यांचं सांगा. अंक रविवारी छापायला जातोय.