प्रति: झिरो टू एवढा वाईट नाही हो

शेवटच्या भागात पहिल्या सीझनमधल्या यामातो-सोराचं लग्न दाखवल्यामुळे 'डिजिमॉन ॲडव्हेंचर झिरो टू', म्हणजे डिजिमॉन या जपानी ॲनिमेचा दुसरा सीझन, वाया गेला, हे वर दोघातिघांनी म्हटलंय. उपसंहार घाईघाईत उरकलाय, हे मान्य. पण त्या दोन मिनिटांच्या रागापायी 50 भाग मोडीत काढायचे? या सीझनचा नायक दाइसुके ही पहिल्या सीझनच्या नायकाची, ताइचीची नक्कल, हेही फारसं पटत नाही. हा सीझन मुळात दाइसुकेचा नाहीच, तो केनचा, सुरुवातीच्या खलनायकाचा आहे. बाल्कनीत साबणाचे फुगे उडवणारा केन, मोठ्या भावावर जळून 'हा नसता तर बरं' असं मनात आणणारा, आणि मग भाऊ खरोखरच अपघातात गेल्यावर मिटून गेलेला. पहिल्या सीझनमधला एकही खलनायक मला इतका जवळचा वाटला नव्हता.

आणखी एक, जे इथे कुणी काढलं नाही. तेराव्या भागात हिकारी ही मुलगी त्या करड्या, मुक्या समुद्राकाठी जाऊन पोचते, तो भाग चिआकी कोनाका यांनी लिहिलाय. 1998 च्या 'सिरियल एक्सपेरिमेंट्स लेन' या ॲनिमेचे लेखक तेच. पुढे 2001 मध्ये 'टेमर्स' या पुढच्या डिजिमॉन मालिकेच्या लेखनाची सूत्रं त्यांच्याकडेच गेली. म्हणजे 'टेमर्स'मधल्या ज्या अंधाराचं इथे सगळे कौतुक करतायत, त्याची चुणूक झिरो टूमध्येच दिसली होती. त्या समुद्राचा धागा नंतर धड पुढे नेला नाही, ही माझी खरी तक्रार. लग्न कुणाचं कुणाशी झालं, ते चुलीत जाऊ दे.