एकदम ४०-५० मृतदेह आले तर? शेजारी जिल्हे आणि गोव्याशी करायच्या कराराबद्दल

लालमाती
कोकणातल्या एका जिल्हा रुग्णालयाचा आपत्ती आराखडा चालू आहे. दरड कोसळली, बोट उलटली, तर शवागारात जागा आठच. म्हणून शेजारच्या दोन जिल्ह्यांशी आणि गोव्याशी आधीच लेखी ठरवायचं आहे. मसुद्यात सध्या शीतपेट्या, शववाहिका आणि डॉक्टरांची यादी आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये अनेक देशांच्या पथकांनी मिळून ओळख पटवली, त्यातलं आपल्याला काय उचलता येईल? शिवाय डीएनएसाठी नमुना कुठला घ्यायचा, यावर आमच्यात दोन मतं आहेत.

हाडवैद्य
यादीच्या आधी क्रमांकाची पद्धत लिहा. थायलंडमध्ये सुरुवातीला चेहरा बघून मृतदेह ताब्यात दिले गेले आणि अदलाबदल झाली. उकाड्यात एक-दोन दिवसांत चेहरा ओळखण्यापलीकडे जातो. पुढे फुकेतला एकच केंद्र झालं आणि सगळी पथकं इंटरपोलचे तेच दोन फॉर्म भरू लागली: मृतदेहाचा गुलाबी, बेपत्ता माणसाचा पिवळा. तुमच्या तिन्ही जिल्ह्यांत आणि गोव्यात हेच फॉर्म आजपासून चालायला हवेत.

क्रमांक असा: ठिकाण, पथक, अनुक्रम. 'वरचीवाडी-ब-०१७'. तोच मृतदेहावर बांधलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवर, पिशवीवर, सामानाच्या पाकिटावर आणि प्रत्येक फोटोच्या चौकटीत. साध्या पेनाची शाई ओलीत पसरते, पक्का मार्कर वापरा. सुटा अवयव मिळाला तर त्याला स्वतंत्र क्रमांक. 'याचाच असणार' म्हणून कुणाच्या पिशवीत टाकू नका.

नमुनाताई
डीएनएबद्दल. तुमची दोन्ही मतं बरोबर असतील, कारण उत्तर मृतदेहाच्या अवस्थेवर आहे. ताजा असेल तर रक्त: एफटीए कार्डावर (डीएनए टिकवणारा खास कागद) थेंब, सावलीत वाळवून कागदी पाकिटात. प्लास्टिकमध्ये घातलं की ओल धरते आणि बुरशी येते. नळीत घ्यायचं तर ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन) जांभळ्या टोपणाची. हेपरिनची नळी नको; तेही रक्त गोठू देत नाही, पण त्यामुळे पीसीआर, म्हणजे तपासणीसाठी डीएनएच्या प्रती काढणं, अडतं. कुजायला लागला असेल तर मांडीच्या हाडाच्या मधल्या भागातून ४ ते ६ सेंमीचा तुकडा, किंवा न किडलेल्या, न भरलेल्या दोन दाढा. फॉर्मॅलिन अजिबात नको, त्यात डीएनए तुटतो. दोन मृतदेहांच्या मध्ये करवत ब्लीचने धुवायची, नाहीतर १७ चा डीएनए १८ मध्ये सापडेल. थायलंडमध्ये कुजलेल्या मऊ ऊतींचे नमुने बरेच वाया गेले. पुढे हाडांचे नमुने थेट बोस्नियातल्या साराजेवोच्या, बेपत्ता माणसांची ओळख पटवणाऱ्या प्रयोगशाळेत गेले.

नातेवाइकांकडून आई-वडील दोघांचे नमुने सर्वांत चांगले, नाहीतर मुलं आणि जोडीदार. एकट्या भावंडाचा आधार कच्चा. दरडीत खरी अडचण वेगळीच: अख्खं घर गाडलं जातं. आई-वडिलांच्या डीएनएवरून दोन सख्खे भाऊ 'या जोडप्याचे मुलगे' एवढंच ठरतं, थोरला कोण आणि धाकटा कोण ते कळत नाही. तिथे वय, दात, जुना फ्रॅक्चर, अंगावरचे कपडे लागतात. म्हणून पिवळा फॉर्म घाईत भरू नका. हसताना दात दिसणारे फोटो मोबाईलमधून आवर्जून मागा.

थायलंडमध्ये पहिल्या टप्प्यात परदेशी पर्यटकांची ओळख मुख्यतः दातांवरून पटली, कारण त्यांच्या दंतवैद्यांकडे नोंदी होत्या. आपल्याकडे वाडीवर कुठल्या आल्यात दातांच्या नोंदी! आणि आधारच्या ठशांवर भिस्त ठेवू नका, ते कुणालाही द्यायला आधार कायद्याच्या कलम २९ ची आडकाठी आहे.

पंचनामा
कायद्याची बाजू राहिली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे आधी पंचनामा, मग हलवाहलव. मृतदेह जवळच्या सिव्हिल सर्जनकडे किंवा राज्य सरकारने त्यासाठी नेमलेल्या डॉक्टरकडे पाठवायचा असतो, तोही वाटेत कुजण्याचा धोका नसेल तर. त्यामुळे गोव्यात शवविच्छेदन करायचं किंवा तिथले डॉक्टर इकडे आणायचे, तर दोन जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्राने भागणार नाही, राज्य पातळीवरचे आदेश आधी काढून ठेवा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २०१० ची मृतदेह व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वं मसुद्याला जोडा.

नमुना हाती देताना-घेताना प्रत्येक वेळी पावती: क्रमांक, मोहोर, वेळ, सही. नमुन्यासोबतच्या पत्रावरचा मोहोरेचा ठसा आणि पाकिटावरचा जुळला नाही तर प्रयोगशाळा नमुना परत करते. मृतदेह सोपवण्याची सही एकाच समितीची असावी. तालुक्यातालुक्यात सोपवू लागलात की अदलाबदल ठरलेली.

लालमाती
आभार. क्रमांक आणि फॉर्म पहिल्या पानावर घेतो. जागा संपली तर बर्फाच्या लाद्या चालतील ना?

हाडवैद्य
नको. पाणी होतं, चिखल होतो, मृतदेह उलट लवकर खराब होतो. कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) घ्या, एका मृतदेहाला दिवसाला साधारण १० किलो. वीसेक मृतदेहांच्या गटाभोवती अर्धा मीटर उंचीची भिंत रचायची आणि वरून ताडपत्री. अंगावर ठेवायचा नाही, हातमोजे हवेत, आणि बंद खोलीत कधीच नाही, कार्बन डायऑक्साइडने गुदमरायला होतं. रोज ५०० किलो कुठून येणार, त्या पुरवठादाराशीही आधीच लेखी ठरवा.