अनुभव धागा: डॅशबोर्डवरचा दिवा लागला, तेव्हा तुम्ही काय केले?

प्रत्येक दिव्याचा अर्थ गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. पण तो वाटेत लागल्यावर गाडी थांबवायची की पुढे न्यायची, हे चालकालाच काही क्षणांत ठरवावे लागते. लाल दिवा धोक्याचा, पिवळा तपासणीचा, हिरवा आणि निळा केवळ माहितीचा, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यापुढचे, स्वतः अनुभवलेले येथे लिहावे, ही विनंती.

*

वळणावर तेलाच्या बुधलीचे लाल चिन्ह क्षणभर लागून विझले. मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले आणि थोडा वेळ थांबून डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पाहिली, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होते. हा दिवा ऑइलची पातळी नव्हे, तर दाब दाखवतो. पातळी घटल्यामुळे वळणावर ऑइल एका बाजूला सरले आणि पंपात हवा शिरली. ऑइल भरूनही दिवा पुन्हा लागला असता, तर मी गाडी ओढूनच नेली असती.

*

पावसात ब्रेक जोरात दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस, गाडी घसरू न देणारी ईएससी आणि चढावर गाडी रोखून धरणारी यंत्रणा, या तिन्हींचे पिवळे दिवे एकदम लागले. गॅरेजमध्ये गाडीच्या संगणकातील बिघाडाच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावल्यावर मागच्या एका चाकाची गती मोजणाऱ्या सेन्सरची तार तुटलेली आढळली. तिन्ही यंत्रणा त्याच माहितीवर चालतात. १९७८ मध्ये बॉश या जर्मन कंपनीचे एबीएस मोटारींत आले आणि १९९५ मध्ये आलेली ईएससी त्याच पायावर उभी राहिली. म्हणून अनेक दिवे एकत्र लागले की आधी त्यांचा सामाईक धागा शोधावा, असे माझे ठाम मत आहे.

अशा वेळी नेहमीचे ब्रेक लागतात, मात्र जोरात दाबल्यास चाके जाम होऊ शकतात. त्यामुळे मी पुढच्या वाहनापासून बरेच अंतर राखून सावकाश गेलो. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असता, तर गाडी तिथेच उभी केली असती, कारण तेव्हा ब्रेक ऑइल घटलेले असू शकते किंवा पुढच्या-मागच्या चाकांतील ब्रेकचे संतुलन बिघडलेले असू शकते. ईएससीचा दिवा निसरड्यावर नुसता लुकलुकला, तर तो बिघाड नसतो. यंत्रणा त्या क्षणी काम करत असते.

*

चेक इंजिनचा स्थिर दिवा चढावर लुकलुकू लागला आणि इंजिन थरथरले. सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोहोचून जळते आणि तो अतितापाने निकामी होऊ शकतो, हे माहीत असल्याने मी लगेच अ‍ॅक्सिलरेटर सोडला. दोष पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीला वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलमध्ये होता. मेकॅनिकने गाडीच्या संगणकातील बिघाडाचा कोड पुसण्यापूर्वी मी तो लिहून घेतला. कोडसोबत बिघाडाच्या क्षणीची नोंदही पुसली जाते.

*

वाळूत चाक रुतल्यावर ट्रॅक्शन कंट्रोल (चाके जागीच फिरू न देणारी यंत्रणा) इंजिनाची ताकद कमी करत होते. बटणाने ते बंद केले, गाडी निघाली, आणि पक्क्या रस्त्यावर येताच ते पुन्हा चालू केले.

*

जुनी गाडी पाहताना मी चावी फिरवून इंजिन सुरू न करता डॅशबोर्ड पाहतो. त्या वेळी इशाऱ्याचे दिवे लागतात आणि एअरबॅगचा दिवा स्वयंतपासणीनंतर विझतो. एका गाडीत तो मुळीच लागला नाही. दिवा मुद्दाम काढून मूळ दोष झाकलेला असण्याची शक्यता होती, म्हणून एअरबॅग यंत्रणा स्कॅनरने तपासून मिळेपर्यंत मी व्यवहार थांबवला.